नहरीच्या उताराने

छत्रपती संभाजीनगर पायी पाहायचे, तर दरवाज्यांची यादी हातात धरून पळू नये; पाण्याच्या उताराने चालावे. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवायला घेतली. वाढत्या वस्तीला पाणी हवे होते, म्हणून उत्तरेच्या डोंगराळ भागात मुरलेले पाणी त्याने भुयारातून गावात आणले. हीच नहर-ए-अंबरी. तिला उघडे काठ नाहीत, मोटेची गरज नाही. मंद उतारावरून पाणी आपल्या पायाने चालत येते. इराणातल्या कारेझशी तिचे नाते आहे आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हे तिचे साधारण त्याच काळातले भावंड. पुढे मुघल अमलात शहरात आणखी नहरी झाल्या.

वऱ्हाडातल्या पातूरहून मालेगाव, मेहकर, जालना करत इथे येणाऱ्या माणसाला वाटेत सिंदखेडराजाचा मोती तलाव लागतो. तिथले पाणी उघड्यावर, बांध घालून अडवलेले. इथले मात्र पायाखाली. पातूरच्या टेकडीतली लेणी पाहायला कातळापाशी जावे लागते आणि तिथे पोचले की ती समोरच असतात. नहर अशी समोर येत नाही. ती चुन्यात बांधलेल्या उंच बंब्यांवरून, हौदांवरून, मातीच्या नळांच्या तुकड्यांवरून ओळखावी लागते. बंब्यात पाणी वर चढते, कोंडलेली हवा सोडते आणि पुन्हा खाली उतरून पुढे जाते.

हे सारे उघड्यावर दिसते ते खाम नदीकाठच्या पाणचक्कीत. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की वेगळ्या नहरीवर चाले. नळातून आलेले पाणी उंच भिंतीच्या माथ्यावर चढते आणि तिथून हौदात कोसळते. या पाण्याच्या जोरावर चाक फिरे आणि दर्ग्यात उतरलेल्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. हौदाच्या तळाखाली दालन आहे. हौदाचा तळ तेच त्याचे छत. वर पाण्याचा भार पेलून खालची खोली उन्हाळ्यात थंड ठेवणारे हे बांधकाम घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटते. भिंतीपाशी थोडा वेळ उभे राहावे. पाणी चढते कसे, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाहेर पडताच महमूद दरवाजा आणि खामवरचा पूल. तिथून भडकल दरवाजा चालत गाठता येतो. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबराने तो १६१२ मध्ये उभारल्याचे सांगतात. रुंद कमान आणि वरचा सज्जा पाहिला की खडकीची उभारणी किती मोठ्या मनाने झाली ते कळते. पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाने या शहराला औरंगाबाद हे नाव दिले आणि वस्ती पसरत गेली.

ती पसरताना नहरीवर घरे आली, रस्ते आले. नळ फुटले, काही भुयारे गाळाने भरली. चारशे वर्षांपूर्वीचे हे काम आजही दुरुस्त होऊ शकते. त्यासाठी आधी नहरीचा संपूर्ण मार्ग पायी मोजून नकाशावर घ्यायला हवा आणि त्यावर नवे बांधकाम होऊ देता कामा नये.