बुटांचा बंद झालेला प्रकार

पैसे मोजले म्हणजे बाजारांत हवी ती वस्तु मिळते, असा आपणां सर्वांचा समज असतो. परंतु पैसे हातांत आहेत, दुकान उघडें आहे, दुकानदारही आदबीनें पुढें उभा आहे, आणि तरीही हवी ती वस्तु कोठेंच विकत मिळत नाहीं, असाही प्रसंग येतो. तो गेल्या वर्षीं आमच्यावर आला, आणि तोही धावण्याच्या बुटांपायीं!

आम्ही रोज पहांटे धावतों. पंचेचाळिशी उलटल्यावर ही संवय जडली, आणि आतां आमची झोंप, भूक व वर्गांतील प्रसन्नता त्या एका तासावर अवलंबून आहे. तो तास चुकला तर त्याचें प्रायश्चित्त विद्यार्थ्यांस भोगावें लागतें, असें ते आपसांत म्हणतात. आमचे पाय लहानपणीं अनवाणी वाढलेले. चवडा रुंद, टाच अरुंद. दुकानांतील बहुतेक बूट अशा पायाला बोटांपाशीं आवळतात आणि टाचेशीं सैल राहतात. सहासात किलोमीटर धावलें कीं अंगठ्याचें नख काळें पडे. पुढें एका प्रकारचा बूट आम्हांस लाभला, आणि नखें पुन्हां निरोगी झालीं. असा जोड साधारणपणें 500 ते 800 किलोमीटर टिकतो. एक झिजला कीं त्याच नांवाचा दुसरा, असे चार जोड आम्हीं एकामागून एक झिजविले. पांचवा मागावयास गेलों तेव्हां दुकानदार म्हणाला, "सर, तो प्रकार कंपनीनें बंद केला."

आमचा उतरलेला चेहरा पाहून एका सहकाऱ्यांनीं आमचें समाधान करण्याचा यत्न केला. ते म्हणाले, "इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनीं 1960 सालीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन अनवाणी जिंकली; मग तुम्हांसच बुटांचें एवढें काय?" आम्हीं त्यांस विनयपूर्वक आठवण दिली कीं, 1964 सालीं टोकियो येथें बिकिलांनीं तीच शर्यत पुन्हां जिंकली, ती पायांत बूट घालून!

शोध सुरू झाला. बंद झालेल्या प्रकाराची जागा घेणारा म्हणून जो नवा बूट आम्हांस दाखविण्यांत आला, तो बोटांपाशीं आवळूं लागला. यांत नवल नव्हतें. बूट कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या सांच्यावर, बेततात. कंपन्या वर्षादोन वर्षांनीं आपले प्रकार बदलतात. कधीं वरचें कापड, कधीं तळाचा फोम, तर कधीं कलबूतच. कलबूत बदललें कीं बाकी सारें तसेंच राहूनही बूट परका होतो. कोणी सुचविलें कीं, जुन्या मालाचे जोड कोठें पडून असतील तर पांचसहा घेऊन ठेवावेत. पण फोम आणि गोंद पेटींतल्या पेटींतही म्हातारे होतात. दमट हवेंत कांहीं बुटांचे तळ न वापरतांच भुगा होऊन सुटतात. तेव्हां सांठा करणें हाही उपाय नव्हे.

शेवटीं आम्हीं जुना जोडच टेबलावर ठेवला आणि त्याची परीक्षा केली. आम्हांस नांव हवें होतें कीं नांवामागील गुण? आंतील गादी काढली, तों तिच्यावर पांचही बोटांचे ठसे मोकळे उमटलेले दिसले. तळाचें रबर टाचेच्या बाहेरच्या कडेला अधिक झिजलें होतें. संध्याकाळीं, पाय किंचित् सुजलेले असतांना, कागदावर उभें राहून दोन्ही पावलांची आकृति काढली. उजवें पाऊल डाव्याहून लांब निघालें. हा कागद आणि तो जुना बूट घेऊन आम्ही पुन्हां बाजारांत गेलों. पुरुषांच्या नेहमींच्या रुंदीस 'डी' म्हणतात व त्याहून रुंद बुटास 'टू-ई', ही माहिती तेथें उपयोगी पडली. भलत्याच कंपनीचा, भडक पोपटी रंगाचा एक जोड पायांत असा बसला कीं, आम्ही रंगाविषयीं बोलण्याचें विसरलों.

हा जोड पहिल्यासारखा आहे काय? नाहीं. याची टाच पूर्वीपेक्षां बसकी असल्यामुळें आरंभीं पोटऱ्या भरून येत. म्हणून तीन आठवडे एक दिवस जुना व एक दिवस नवा, असा क्रम ठेविला. आतां पाय रुळले आहेत, आणि नखें शाबूत आहेत.

विद्यार्थीमित्रहो, चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें 2021-22 मध्यें एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पावलांचीं मापें घेतलीं. आपलीं पावलें युरोप-अमेरिकेंतील पावलांहून रुंद असतात, असें त्यांत दिसून आलें. तेव्हां बूट चावला तर आपल्या पायास दोष देऊं नका. दुसरा बूट मागा. पालकांसही विनंती कीं, दोन वर्षें पुरावा म्हणून मुलांस भलताच मोठा बूट घेऊं नये. दोन्ही पावलें मुलास उभें करून मोजावींत, मोठ्या पावलाच्या मापानें बूट घ्यावा आणि पुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी.

आमचा पोपटी प्रकारही एक दिवस बंद होईलच. म्हणून तो पावलांच्या आकृतीचा कागद आम्हीं कपाटांत जपून ठेविला आहे.

— एक शिक्षक