ताऱ्याची सही

दोन काळांत घडणाऱ्या रहस्यकथेला निदान एक खून हवा, असा आम्हां कादंबरीकारांचा समज. पण युडिथ लाइस्टरच्या खऱ्या कथेत नाहीसे झाले ते नुसते नाव!

हॉलंडमधील हार्लेम गावी 1633 साली ती चित्रकारांच्या संघाची सभासद झाली. लाइस्टर म्हणजे वाट दाखविणारा तारा. म्हणून सहीच्या आद्याक्षरांना ती एक तारा जोडी. 1660 साली ती वारली. 1668 साली तिचा चित्रकार नवराही गेला. घरातल्या चित्रांची यादी झाली. तीत तिच्या काही चित्रांपुढे नोंद पडली, 'मृताची पत्नी'. पुढे तिची चित्रे फ्रान्स हाल्सची म्हणून विकली जाऊ लागली. अखेर अशाच एका चित्रावरचा तारा ओळखून होफस्टेडे द ख्रोट या अभ्यासकाने 1893 साली तिला उजेडात आणले. ते चित्र आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे.

मला मात्र तो यादी करणारा कारकून छळतो. त्याने चोरले काहीच नाही. नुसती रीत पाळली. अशा सभ्य माणसाला कादंबरीत खलपुरुष कसे करावे?

हल्ली वर्गात चित्रांच्या वह्या गोळा करताना मी मुलींना सांगते, "कोपऱ्यात नाव घाला गं." त्या हसतात. हसोत बापड्या, पण नाव घालतात!