यजमान

‘यजमान’ हा शब्द मुळात यज्ञ करविणाऱ्याचा, म्हणजेच त्याचा खर्च सोसणाऱ्याचा. क्रीडास्पर्धांच्या यजमानपदाला तो अचूक लागू पडतो. इटलीतील कोर्तिना या गावाने १९५६ नंतर २०२६ मध्ये पुन्हा हिवाळी ऑलिंपिकचे सहयजमानपद स्वीकारले. त्यासाठी बर्फावरील घसरगाडीचा मार्ग नव्याने बांधताना शेकडो लार्च वृक्ष तोडावे लागले. मारिओ ब्रुनेल्लो या वादकाने त्या वृक्षांपाशी जाऊन चेलोवादन केले होते.

आमच्या वसई-विरारला बर्फ नाही, हिवाळाही नावापुरताच. मात्र त्या तुटपुंज्या गारव्याच्या भरवशावर येथे राष्ट्रीय पातळीवरची मॅरेथॉन भरते. पूर्ण शर्यत विरारहून सुटते, अर्धी वसईहून. २०११ साली ती सुरू झाली तेव्हा महानगरपालिका अवघी दोन वर्षांची होती. चार नगरपालिका आणि अनेक गावे यांची मोट बांधून झालेले हे शहर. त्यातील काही गावांना तर शहरात यायचेच नव्हते. अशा शहराला आपण एक आहोत हे स्वतःलाच पटवून द्यावे लागते, आणि त्यासाठी बेचाळीस किलोमीटरचा सलग रस्ता हे भाषणांपेक्षा बरे साधन आहे, असे मला वाटते.

महामारीमुळे २०२० आणि २०२१ ही वर्षे कोरडी गेली. डिसेंबर २०२२ मध्ये शर्यत पुन्हा भरली, तेव्हा गंमत अशी की लोकनियुक्त सभागृहच अस्तित्वात नव्हते. २०२० च्या मध्यापासून प्रशासकाचा कारभार होता, तो थेट जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत. लोकांच्या तोंडी मात्र ‘महापौर मॅरेथॉन’ हेच नाव राहिले. पद रिकामे असताना शब्द कामावर हजर! भाषेच्या अध्यापकाला याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार? असो.

प्रश्न उरतो तो यजमान कोण, हा. येथे वृक्ष तोडून मार्ग आखावा लागत नाही. रोजचाच रस्ता काही तास पायांना मोकळा करून द्यायचा. खरा खर्च सोसतात ते सराव करणारे. माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी पावसाळा सरला की पहाटे साडेचारला धावायला निघते, कारण सहानंतर रिक्षा आणि टँकर रस्ता सोडत नाहीत. सातच्या लोकलने ती अंधेरीला अर्धवेळ नोकरीला जाते आणि दुपारच्या तासाला परतते. कधी डुलकी लागते. मी तिला उठवीत नाही.