स्टीलला भोक

मराठी माणूस स्टीलला फार जपतो. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घासाघीस करून घेतलेलं पातेलं असो की लग्नात अहेर म्हणून आलेला नववा डबा असो, त्यावर टिंबाटिंबांनी नाव घालायचं, तारीख घालायची आणि तो माळ्यावर टाकायचा. भांड्याला पोचा आला तर घरात दोन दिवस सुतक! अशा स्टीलला हौसेने दोन-दोन इंचांची भोकं पाडणारी माणसं जगात आहेत, हे आमच्या रत्नागिरीत सांगूनही कुणाला पटायचं नाही. पण ज्यांना घरी विमान बांधायचं असतं, त्यांची यातून सुटका नाही.

घरी विमान म्हटल्यावर हसू नका. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते गच्चीवरून उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली. ज्या गच्चीवर आपण पापड वाळत घालतो, तिथे या गृहस्थांनी विमान घातलं!

आता अशी बरीच विमानं अ‍ॅल्युमिनियमची असतात. मग स्टील कुठून आलं? तर इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये एक पत्रा असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. इंजिनाला आग लागली तर ती माणसापर्यंत येऊ नये म्हणून ही भिंत. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून ते इथे बाद. छोट्या विमानांसाठी अमेरिकेने घालून दिलेल्या नियमात अपेक्षा अशी होती, की सुमारे ११०० अंशांच्या ज्वाळेने या भिंतीला पंधरा मिनिटं तरी भोक पडता कामा नये. त्यासाठी ०.३८ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा चालत असे. म्हणजे साधारण आपल्या डब्याच्या झाकणाची आठवण व्हावी इतकाच.

आणि गंमत अशी, की ज्वाळेला जे करू द्यायचं नाही, तेच बांधणाऱ्याला स्वतः करावं लागतं. वायरी, पेट्रोलची नळी, कंट्रोलच्या केबली, थंडीत बसणाऱ्याला ऊब देणारी गरम हवेची जाडजूड नळी, सगळ्यांना याच पत्र्यातून वाट हवी असते.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एक मिस्त्री आहेत. आमच्या सिंकला फिल्टरच्या नळाचं भोक त्यांनीच पाडलं. विमान त्यांनी आंब्याच्या झाडावरून जाताना पाहिलंय तेवढंच. पण स्टीलचा स्वभाव त्यांना पाठ.

“काका, ह्याला गोंजारायचं नाय,” ते म्हणाले. “ड्रिल नुसतं घासत बसलात, तर ते अजून कडक होतं. आमच्या म्हाताऱ्यासारखं!”

हे शास्त्राला धरूनच आहे. स्टेनलेस स्टील रगडलं की त्या जागी घट्ट होत जातं. शिवाय उष्णता त्यातून लवकर पसरत नाही; ती ड्रिलच्या टोकाशीच साठते आणि टोक निळं पडून बोथटतं. म्हणून वेग कमी, दाब जास्त आणि तेल सढळ.

मोठ्या भोकाला तर आणखी सोपस्कार. पातळ पत्रा फडफडतो, म्हणून तो दोन प्लायवूडमध्ये आवळायचा, मध्ये छोटं भोक घ्यायचं आणि होल सॉ सावकाश फिरवायचा. नाहीतर पंच आणि डाय. पत्र्याच्या एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला डाय, मधून बोल्ट. पाना फिरवत गेलं की दोघं एकमेकांकडे ओढले जातात आणि वाटीने पुरी कापावी तशी गोल चकती खाली पडते. मग कड कानशीने गुळगुळीत करायची. खरखरीत कडेवर वायर घासली, की तिथेच ठिणगीची सोय. शेवटी नळीभोवतीची फट आगीला दाद न देणाऱ्या लुकणाने बुजवायची.

“म्हणजे आग अडवायला पत्रा, पत्र्याला भोकं आणि भोकांना परत बूच,” मिस्त्रींनी हिशेब मांडला. “एवढं सगळं कशासाठी?”

“पंधरा मिनिटांसाठी. तेवढ्यात विमान खाली उतरवायचं.”

मिस्त्रींनी हातातली विडी विझवली.

“तुमच्या सिंकचं भोक चुकलं असतं, तर वहिनी बोलल्या असत्या,” ते म्हणाले. “ह्याचं चुकलं, तर बोलून घ्यायलापण कोण उरायचं नाय.”