घरात तीन, गाडीत दोन

मोटार घ्यायची ठरली की आपल्याकडे आधी माणसे मोजतात. आईवडील, दोन मुले, सुटीत येणारी आत्या आणि तिच्या मांडीवर बसणारा फराळाचा डबा, एवढे सारे जीत मावेल ती मोटार चांगली, असा आपला सरळ हिशेब! म्हणूनच सॅन डिएगोला राहणाऱ्या माझ्या भाच्याने घरात माणसे तीन असताना दोनच आसनांची गाडी घेतली, आणि तीही शहरातल्या रस्त्यांवर चालवता न येणारी, हे कळल्यावर आमच्या सौ.नी पहिला प्रश्न केला तो असा : "मग तिसऱ्याने काय मागून धावत यायचे?"

या प्रश्नाचे उत्तर मला कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, वाळूच्या टेकड्यांत मिळाले. दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही उभयता, भाचा, भाचेसून आणि त्यांची नऊ वर्षांची कन्या असे पाचजण पहाटे निघालो. बसायची मोटार पुढे, तिच्यामागे जोडलेल्या चाकांच्या फळीवर साखळ्यांनी जखडलेली ती दोन आसनी गाडी. वरातीतल्या नवरदेवासारखी ती ऐटीत बसलेली आणि आम्ही तिला ओढून नेणारे वऱ्हाडी!

सॅन डिएगोचा समुद्र मागे टाकला की डोंगर लागतात. घाट उतरता उतरता झाडे संपतात आणि एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड धोंडे दिसू लागतात. मग एकदम सपाटी. ही इंपीरियल खोरे नावाची जमीन चक्क समुद्रसपाटीच्या खाली आहे. पाऊस जवळजवळ नाही, पण कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणल्यामुळे दुतर्फा हिरवीगार शेते. ब्रॉली गाव ओलांडून अठ्ठ्याहत्तर नंबरच्या रस्त्याने पूर्वेला वळलो. हिरवा रंग सुरीने कापावा तसा संपला आणि क्षितिजावर पिवळी लाट उभी राहिली.

या टेकड्यांची रांग सुमारे ४५ मैल लांब आणि पाच-सहा मैल रुंद. काही शिखरे तळापासून ३०० फुटांपर्यंत चढलेली. एवढी वाळू आली कुठून? कोलोरॅडो नदीने युगानुयुगे डोंगर खरवडून आणलेला गाळ या खोऱ्यात पसरला. येथे एके काळी काहुइला नावाचे अफाट सरोवर होते. ते आटत गेले आणि त्याच्या काठची वाळू वाऱ्याने उचलून येथे रचली. ग्रँड कॅन्यन पाहायला जगभरची माणसे जातात. त्या दरीतून नदीने जे उकरून काढले त्यातलेच काही आपल्या पायांखाली आहे, हे लक्षात आले की पायातले बूट काढावेसे वाटतात.

जागेचे नाव ग्लॅमिस. गाव म्हणावे तर एक दुकान आणि शेजारून जाणारा लोहमार्ग. परंतु ऑक्टोबरपासून वसंत ऋतूपर्यंत, आणि विशेषतः सुटीच्या दिवसांत, येथे राहुट्यांचे आणि फिरत्या घरांचे एक शहरच वसते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पुन्हा वाळू आणि वारा यांचेच राज्य. आम्ही पोहोचलो तेव्हा टेकड्यांच्या उतारांवर शेकडो नारिंगी पताका फडफडत धावत होत्या. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, पंढरीची दिंडी वाट चुकून वाळवंटात शिरली आहे आणि वारकऱ्यांना भलतीच घाई झाली आहे! या पताका हौसेच्या नव्हेत. टेकडीपलीकडून येणारी गाडी दिसत नाही, म्हणून जमिनीपासून निदान आठ फूट उंच पोहोचेल अशी काठी आणि तिच्यावर लाल किंवा नारिंगी झेंडा लावल्याशिवाय येथे गाडी चालवता येत नाही.

वाळूवर गाडी चालवण्याची ही हौस कॅलिफोर्नियात जुनी आहे. ब्रूस मायर्स नावाच्या होड्या बनवणाऱ्या माणसाने १९६४ साली फोक्सवॅगनच्या यंत्रावर फायबरग्लासचे हलके कवच चढवून 'मँक्स' नावाची गाडी केली. १९७० साली होंडाने अमेरिकेत तीन फुगीर चाकांची गाडी आणली. तिच्यावर घोड्यावर बसावे तशी मांड टाकून बसायचे. ती फार उलटे, माणसे जखमी होत, मरतही; अखेर १९८८ साली अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री थांबली. चारचाकी उरल्या. पुढे, चालू शतकाच्या पहिल्या दशकात, मांड सोडून दोघांनी शेजारीशेजारी बसायची, सुकाणूचक्राची, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असलेली गाडी लोकप्रिय झाली. माझ्या भाच्याची गाडी या जातीची. ती कोणत्या कंपनीची हे सांगत नाही. दिवाळी अंकात जाहिराती पुष्कळ असतात!

गाडी त्याने दुसऱ्याने वापरलेलीच घेतली. मग तीन वर्षे, दर शनिवारी, तिला बदलण्याचा उद्योग चालला. भाचा पेशाने संगणकाचा इंजिनियर. पण तो गाडीखाली पाठीवर पडून बोलू लागला की पुण्यातला एखादा जुना मिस्त्रीच बोलतो आहे असे वाटते.

"मामा, तुम्ही हे टायर पाहा," तो म्हणाला. मागच्या चाकांच्या टायरांवर आडवी रबरी वल्ही होती. होडीने पाणी मागे लोटावे तशी ही चाके वाळू मागे लोटतात. पुढची चाके मात्र जवळजवळ गुळगुळीत, मधोमध एकच कणा. त्यांचे काम फक्त वळण्याचे. हवासुद्धा मोटारीच्या टायरात असते त्याच्या निम्म्याहून कमी. टायर पसरट होतो आणि वाळूत रुतण्याऐवजी वर तरंगतो. पण हीच वल्ही खडकाळ जमिनीवर भराभर झिजतात. म्हणून डोंगरात जायचे तर चाकांचा दुसरा जोड!

यंत्राची गोष्टही तीच. या गाडीला हाताने बदलायचे गिअर जवळजवळ नाहीत. दोन कप्प्या आणि त्यांच्यावरून फिरणारा रबरी पट्टा एवढ्यावर काम चालते. वेग वाढला की कप्पीतली वजने बाहेर फेकली जातात, कप्पी मिटत जाते, पट्टा वर चढतो आणि गाडी आपोआप वरच्या गिअरात गेल्यासारखी होते. जड चाके बसवली की पट्ट्यावर ताण येतो, तो तापतो. मग कप्पीतली वजने बदला, पट्ट्याला वारा लागेल अशी सोय करा, आणि तरीही एक जादा पट्टा जवळ बाळगा. हवेची गाळणीही बदलावी लागते, कारण वाळूची धूळ सिलिंडरात शिरली की यंत्राचे आयुष्य संपलेच.

"मग गाडी रुंद का नाही केलीस?" मी विचारले. शेजारच्या तंबूतल्या गाड्या हिच्याहून हातभर रुंद दिसत होत्या.

त्याने सांगितलेले उत्तर मला फार आवडले. रुंद गाडी वाळूवर लवकर कलंडत नाही हे खरे. पण अमेरिकेतल्या जंगलांतल्या कित्येक पायवाटा ५० इंचांपर्यंत रुंदीच्या गाड्यांनाच खुल्या आहेत. त्याची गाडी बरोबर तेवढी. "येथे दहा इंच मिळवले की तेथली देवदारांची वाट कायमची गेली," तो म्हणाला. घर बांधताना देवघर मोठे केले की स्वयंपाकघर लहान होते, हे आपल्याला ठाऊक असते. यंत्राच्या बाबतीत मात्र सुधारणा म्हणजे नुसती भरच, अशी आपली समजूत असते.

सर्वांत जास्त खर्च त्याने केला होता तो शेजारच्या आसनावर. तेथे चार पट्ट्यांचा बंद, खोलगट बैठक, आणि मूळच्या जाळीऐवजी भक्कम दार. गाडी कलंडली तर हात किंवा पाय बाहेर जाऊ नये म्हणून. चालवणाऱ्याच्या हाती चाक असते. उडी येणार हे त्याला क्षणभर आधी कळते. शेजारच्याच्या हाती फक्त एक मूठ आणि विश्वास. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही ही गोष्ट ओळखली आहे. २०१३ पासून अशा गाडीत दोघांनाही शिरस्त्राण आणि पट्टा सक्तीचा आहे, आणि पट्टा बांधलेल्या स्थितीत शेजारच्या प्रवाशाचा हात मुठीपर्यंत पोहोचलाच पाहिजे.

आमची नात तेथेच अडली होती. तिचा हात अजून चार बोटे कमी पडत होता. मूठ पुढे सरकवता येते, पण तिलाही हद्द आहे. म्हणून तिच्याकडे दुसरे काम होते. तिच्या वहीत प्रत्येक फेरीची नोंद असे : कोण गेले, कोणत्या दिशेला, पाणी किती, परत केव्हा यायचे. वाळवंटाला घर नंबर नसतो. सौ.च्या प्रश्नाचे उत्तर होते ते हे!

त्या संध्याकाळी भाचा आणि सून शेवटच्या फेरीला गेली. दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सावल्या पडत नाहीत आणि टेकडीची धार दिसत नाही. कलत्या उन्हात प्रत्येक कड उठून येते, म्हणून ही वेळ आवडती. टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य, पण पलीकडची सुमारे ३४ अंशांनी सरळ खाली उतरलेली. म्हणून माथ्यावर गाडी आडवी करून, पलीकडे पाहून मगच उतरायचे. वहीत लिहिले होते, "सूर्यास्तापूर्वी परत."

सूर्य बुडाला. गाडी आली नाही. सौ.नी चकलीचा डबा उघडला आणि तसाच मिटला. टेकड्यांवर दिव्यांच्या काठ्या फिरू लागल्या. शंभर दिवे, सारे सारखे. नात दुर्बीण घेऊन आमच्या मोटारीच्या टपावर चढली होती. "आजोबा, बाबांचा उजवीकडचा दिवा पिवळट आहे," ती मला समजावत होती, "तो दिसला की मी सांगते. तुम्ही घाबरू नका." नऊ वर्षांच्या पोरीने मला धीर द्यावा, आणि मला तो घ्यावासा वाटावा, अशी ती चाळीस मिनिटे होती. अखेर ती ओरडली, "आले! पिवळा!"

एका खोलगट वाळूच्या वाटीत कोणा अनोळखी बापलेकांची गाडी रुतली होती. अडकलेल्याला सोडून पुढे जाऊ नये, हा येथला न लिहिलेला रिवाज. दोर लावून ती ओढून काढायला वेळ लागला, एवढेच. सूनबाई शिरस्त्राण काढून आधी मुलीच्या वहीकडे गेली आणि परतल्याची वेळ तिने स्वतःच्या हाताने लिहिली.

रस्त्याच्या उत्तरेला मात्र बऱ्याच भागात एकही चाक उमटत नाही. तेथली सुमारे २६,००० एकर जमीन १९९४ साली राखीव रानभूमी ठरली. दक्षिणेलाही काही भाग बंद आहेत, ते एका झुडपासाठी. पिअरसन्स मिल्कव्हेच हे त्याचे नाव. वाटाण्याच्या कुळातले, जांभळ्या फुलांचे, फुगीर शेंगांचे हे रोप १९९८ साली धोक्यातल्या वनस्पतींच्या सरकारी यादीत गेले. त्याच्यावरून गाडीवाले आणि निसर्गरक्षक यांच्यात वर्षानुवर्षे कोर्टकज्जे झाले. भाच्याला विचारले तर तो म्हणाला, "बंद झालेल्या काही जागा फार सुंदर होत्या. वाईट वाटते. पण कुंपण दिसले की मी वळतो."

परतताना मुद्दाम वाकडी वाट करून आम्ही टेकड्यांच्या दक्षिण टोकाला गेलो. १९१५ साली मोटारी नव्या होत्या, वाळू ओलांडायची सोय नव्हती, तेव्हा येथे चक्क लाकडी फळ्यांचा रस्ता अंथरला होता. पुढच्याच वर्षी आठ फूट रुंदीच्या तयार फळ्यांचा दुसरा केला. वाऱ्याने वाळू लोटली की घोडे जुंपून फळ्या उचलायच्या आणि पुन्हा मांडायच्या! १९२६ साली पक्का रस्ता झाला आणि हा सुटला. त्याचा एक तुकडा कुंपणात जपून ठेवला आहे. उन्हाने करडी पडलेली लाकडे, मध्ये लोखंडी पट्ट्या. रस्ता एकेरी, समोरासमोर गाड्या आल्या तर बाजूला घ्यायला ठरावीक अंतरावर जागा ठेवलेल्या, आणि मागे कोणी सरायचे यावरून भांडणे.

नातीने फळ्यांची रुंदी पावलांनी मोजली. मग थोडा विचार करून म्हणाली, "आजोबा, ज्याच्या मागची जागा जवळ आहे त्याने सरायचे. त्यात भांडायचे काय?"