सैल किल्ली

जुन्या मोटारसायकलीची किल्ली सैल होते ती एका दिवसात नव्हे. कुलपाच्या नळकांड्यात पातळ पितळी पात्यांची ओळ असते; प्रत्येक पात्यामागे बारीक तारेची स्प्रिंग. किल्लीवरील खाचा या पात्यांना आपापल्या उंचीवर आणतात, तेव्हाच नळकांडे फिरते. आणि एकदा फिरले की तीच पाती किल्लीला बाहेर पडू देत नाहीत. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने खाचांच्या कडा बोथट होतात, पाती झिजतात, आणि धरणारे व धरले जाणारे यांच्यात केसभर पोकळी निर्माण होते. १९५५ पासून मद्रासेत जिची जोडणी सुरू झाली त्या बुलेटसारख्या गाडीवर ही पोकळी लवकर जाणवते. ३४६ घनसेंटिमीटरच्या एकाच सिलिंडरचे हादरे तिच्या अंगभर पसरत असतात.

बडोद्यातील एका निवृत्त मराठी शिक्षकाची १९७८ सालची बुलेट या अवस्थेला पोहोचली होती. विश्वामित्रीच्या पुलावर एके दिवशी किल्ली निसटून रस्त्यावर पडली. मागे नातू बसला होता. त्यानेच ती पाहिली. इंजिन मात्र चालूच राहिले, कारण स्विच एकदा जोडला गेला की किल्लीची त्याला गरज उरत नाही. किल्ली मागे राहिली आणि गाडी पुढे गेली, हा प्रकार नातवाला मोठा गमतीचा वाटला. आजोबांनी गाडी घरी आणली, गिअरमध्ये ठेवून ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पाडले. त्या संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानेही स्विच फिरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे कुलूप आता कोणालाही नकार देत नव्हते.

मांडवीजवळच्या किल्लीवाल्याने जुनी किल्ली पाहून मान हलवली. ‘‘साहेब, हिच्यावरून काढली तर हिचीच झीज उतरेल. कोरी जोडकिल्ली असेल तर आणा.’’ पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे तत्त्व निराळे सांगावे लागत नाही. प्रतीवरून प्रत होत गेली की लेखनिकाचा प्रमाद पुढच्या लेखनिकाचा पाठ होतो. भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच अडचणीशी जवळजवळ अर्धशतक झुंजत होती. अर्थात त्या संपादकांना मूळ प्रत कोठेच मिळणार नव्हती. शिक्षकांकडे ती होती. दिवंगत पत्नीच्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली, कारखान्याची दुसरी किल्ली कोरी करकरीत पडून होती. ‘‘एक वापरायची, एक ठेवायची’’ हा त्या घराचा दंडक त्या माउलीनेच घालून दिला होता.

त्या किल्लीवरून नवी काढली. थोडा फरक पडला, पण थोडाच. कारण झीज किल्लीत होती तितकीच कुलपातही होती. नव्या किल्लीला झिजलेली पाती धरू शकत नव्हती. तेल घालावे, हा शेजाऱ्यांचा सल्ला किल्लीवाल्याने मोडीत काढला. तेलाला धूळ चिकटते, म्हणून ग्रॅफाइटची पूड फुंकायची. शिवाय त्याने जुडगा सोडवून कपाटाच्या, घराच्या, माळ्यावरच्या पेटीच्या अशा सात किल्ल्या वेगळ्या केल्या. हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. अमेरिकेत २०१४ साली जनरल मोटर्सला लक्षावधी मोटारी परत बोलवाव्या लागल्या, त्या इग्निशनच्या दुबळ्या स्विचमुळे. जड जुडग्याच्या भाराने वा धक्क्याने तो फिरे, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसे. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

कुलूपच बदलावे, हे मुलाचे म्हणणे शिक्षकांनी दोन महिने टाळले. कारण विचारले की ते खर्चाचे नाव पुढे करीत, आणि ते कोणाला पटत नसे. शेवटी नातू एकटा गाडी काढू लागला, तेव्हा ते स्वतःच किल्लीवाल्याकडे गेले. नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या. एक नातवाच्या खिशात गेली. दुसरी शिवणाच्या डब्यात ठेवताना त्यांनी आधीची काढली नाही. दोन्ही आता बटणांखाली आहेत.