पथक कुठं बसवायचं?

प्रिय बाळे,



अकोल्याच्या ख्रिस्ती मंडळीत गायनपथक नव्यानं उभं करायचंय, कीबोर्ड-गिटारवाली पोरं तयार आहेत, पण लहानांना आणि म्हाताऱ्यांना कुठं बसवू, असं तू विचारतेस. मला प्रश्नच उलटा वाटतो. गाणारी मंडळी आधीच बसलेली आहे. तिच्यात पथक कुठं बसवायचं, ते ठरव.

हे शिकायला वऱ्हाडाबाहेर जायला नको. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारलं, त्यांचं खंजिरीवरचं भजन गावोगाव गेलं. त्याला गवई लागत नाही. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. आपल्या ख्रिस्ती लोकांतही ही रीत जुनीच. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं रचली. मिशनऱ्यांबरोबर आलेल्या चार आवाजांच्या चाली मलाही आवडतात, पण त्यांना तालीम हवी, वाचता येणारं कोणी हवं. अक्षरओळख नसलेल्या आमच्या बुढ्याबायांना ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक न उघडता जी गीतं येतात, ती बहुतेक देशी चालीची. तिथून सुरुवात कर. ओळ सांगायला त्यांच्यातलीच एखादी बसव.

खरी गोम पट्टीत आहे. गिटारवाला पोट्टा स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो, अंतरा वर चढला की अर्धी मंडळी गप्प होते, आणि मग आपणच म्हणतो, लोक गात नाहीत! वयानं आवाज उतरतो. अंतरा चढणारी गीतं एक-दोन सुरांनी खाली घे. कीबोर्डला त्यासाठी बटणच असतं. पण फार खालीही नको. मुलांना खालचा सूर लागत नाही, मग ती नुसती पुटपुटतात. शब्बाथ शाळेचं गीत म्हणून वेगळं, जरा वर धर. त्या वेळी म्हाताऱ्यांनी टाळ्या द्याव्यात.

मुलांच्या हाती लगेच टाळ देऊ नकोस, कान किटतील. आधी समेवर एकच टाळी, दादऱ्याच्या सहा मात्रांवर, मग केरव्याच्या आठ. सम सापडली की टाळ, मग खंजिरी. ढोलकी कोणाला द्यायची यावरून भांडणं होणारच, ती पंचांकडे नेऊ नकोस.

मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीनं १७६१ मध्ये गाणाऱ्यांसाठी सूचना छापल्या. सर्वांनी गावं, आणि इतरांच्या वर आपलाच आवाज काढू नये, असं त्यात होतं. तेव्हा माईक नव्हते. तुझ्या पोरांना हे सांगताना स्पीकरचा आवाज निम्म्यावर आण. आणि स्तोत्र १४८ वाचून दाखव. तिथं तरुण, कुमारी, म्हातारे, मुलं सगळी एकाच दमात येतात, निवड चाचणी कुठंच नाही.

तालीम कधी ठेवायची ते मात्र शेत बघून ठरव. नाताळाच्या आधी कापसाची वेचणी असते, खेड्यावरच्या बाया संध्याकाळी थकून येतात. रविवारची उपासना संपल्यावर अर्धा तास पुरे, चहा ठेवलास तर कोणी उठत नाही.

हार्मोनियमचा भाता फुटलाय म्हणालीस. बडनेऱ्याहून गाडीनं येणारच आहे, तेव्हा पेटी उघडून बघतो. तोवर गीतांच्या ओळी मोठ्या अक्षरांत छापून घे.

तुझा,
मामा